मोडक्या शिंगाचा नंदी

तुम्ही कधी चाकांवर चालणारा बैल पाहिलाय का? चारा खात नाही, हंबरत नाही, शिंगही मारत नाही. दोरी ओढली की मात्र खडखड करत मागे मागे येतो! असे एक-दोन नाही, शेकडो बैल एकाच ठिकाणी बघायचे असतील तर वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) या गावी चला. पण दिवस नेमका साधायला हवा, तान्ह्या पोळ्याचा.

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सेलू तालुक्यात हे गाव आहे. गावाच्या नावातच रेल्वे! गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. दोन्ही बाजूंना कपाशीची हिरवीगार शेतं आणि खाली काळ्या मातीचा चिखल. आदल्या दिवशी, म्हणजे श्रावण अमावास्येला, मोठ्यांचा पोळा झालेला. त्या दिवशी शेतकरी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल चढवतात, तोरणाखाली नेतात आणि घरी आणून पुरणपोळी खाऊ घालतात. दुसरा दिवस मात्र मुलांचा. म्हणून तो ‘तान्हा’ पोळा.

मैदानात पोहोचलो आणि बघतच राहिलो. हातभर लांबीचे नंदी, मुठीत मावणारे नंदी आणि माणसाच्या छातीपर्यंत येणारे प्रचंड नंदी! मोठे नंदी ओढायला तीन-चार जण लागत होते. कुणाच्या गळ्यात घुंगरमाळ, कुणाच्या कपाळावर बाशिंग, कुणाच्या पाठीवर आईच्या जुन्या जरीच्या साडीची झूल. मुलंही नटली होती. कुणी शेतकरी, कुणी शिवाजी महाराज, तर कुणी झाशीची राणी. हो, मुलीसुद्धा आपापले नंदी घेऊन आल्या होत्या.

इथल्या तान्ह्या पोळ्याला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. नागपूरचे दुसरे रघूजीराजे भोसले यांच्या काळापासून विदर्भात मुलांचा हा पोळा भरू लागला, असं जुनी माणसं सांगतात. लहान मुलांनाही बैलाची माया लागावी, हा त्यामागचा विचार. पूजा झाली की मुलं आपला नंदी घेऊन घरोघर जातात. घरची बाई नंदीला ओवाळते आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते. त्याला म्हणायचं ‘बोजारा’. बोजारा मोजता मोजता मुलांची बोटं दुखतात, पण कुणी तक्रार करत नाही!

त्या गर्दीत एक नंदी मला लांबूनच ओळखू आला. रंग उडालेला, पुढचं एक चाक वाकडं आणि डावं शिंग अर्धंच. त्याची दोरी माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या हातात होती. तो आईबरोबर शेजारच्या गावाहून आला होता. या नंदीने मला एक धडा शिकवला आहे. तोच आज तुम्हाला सांगतो.

मला लहानपणापासून जुनी खेळणी जमवायचा नाद. त्याची सुरुवात झाली एका वाकणाऱ्या बाहुल्याने. रबराचा, बोटभर उंचीचा. हात वर केला की वरच राहायचा, पाय दुमडला की मांडी घालून बसायचा. मला वाटायचं, जादू आहे! खरं म्हणजे त्याच्या रबरी अंगात बारीक तार असते. तार वाकवली तशी राहते, म्हणून बाहुलाही तसाच राहतो. अशी खेळणी जगभर होती. अमेरिकेत ‘गंबी’ नावाचा मातीचा हिरवा गडी टीव्हीवरून लोकप्रिय झाला आणि १९६० च्या दशकात त्याची वाकणारी रबरी बाहुली मुलांच्या खिशात जाऊन बसली.

माझ्या बाहुल्याचा हात मात्र एक दिवस लोंबकळायला लागला. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तिथला धातू कडक आणि ठिसूळ होत जातो आणि शेवटी तुटतो. वरून रबर अगदी धड, आत तार तुटलेली! तेव्हापासून मी त्याला डब्यात जपून ठेवलं. मग त्याच्या सोबतीला पत्र्याची बेडकी आली, लाकडी भोवरे आले, मातीची बैलजोडी आली. मास्तर झाल्यावर मी शाळेतलं एक कपाटच या खेळण्यांना दिलं. वर कागद चिकटवला, ‘हात लावू नये’.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी मी या मुलाच्या घरी गेलो होतो. भिंतीतल्या देवळीत हा मोडक्या शिंगाचा नंदी उभा. सागवानी लाकूड, हातानं कोरलेलं मोठं वशिंड. आपल्या जिल्ह्यात गवळाऊ जातीची पांढरी, चपळ, काटक गुरं असतात ना, अगदी त्यांच्यासारखा बांधा. मला राहवलं नाही. मी आजीला म्हणालो, “आजी, हा जुना नंदी शाळेच्या कपाटासाठी द्या. मी तुमच्या नातवाला नवा कोरा नंदी घेऊन देतो.”

मुलगा काहीच बोलला नाही. फक्त उठला आणि नंदीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

आजी म्हणाली, “न्या ना गुरुजी, तुमाले पाह्यजे असन तं. पण याची गोठ आयका पयले. माह्या सासऱ्यानं वाढयाकडून हा करून घेतला होता. मंग एका सालाले पाणीच पडलं नाई. पीक गेलं. बैलाची जोडी इकावं लागली. पोयाच्या दिवशी गोठा खाली. माहे सासरे दारात बसून रायले, जेवलेच नाई. मंग माह्या सासूनं ह्याले खाली उतरवलं. ह्याच्याच पायावर पाणी टाकलं, ह्यालेच पुरणाची पोयी दाखवली. म्हणे, दारात बैल आहे आपल्या, उठा आता.”

थोडं थांबून ती म्हणाली, “आता तं जोडी नाईच. टॅक्टर भाड्यानं आणतो. हाच एक बैल उरला घरात.”

मित्रांनो, मी मान खाली घातली. ज्याला मी ‘जुनं खेळणं’ म्हणत होतो, तो त्या घरचा बैल होता! तो कपाटात आणला असता तर त्याचं लाकूड माझ्याकडे आलं असतं, त्याची गोष्ट तिथेच राहिली असती. आणि पोळ्याला तो मुलगा दुकानातला नंदी घेऊन उभा राहिला असता. मी चहा घेतला, आजीला नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने परत आलो.

मग खेळणी जमवूच नयेत का? तसं नाही. कुणी जपलंच नसतं तर आपल्याला जुनं काही कळलंच नसतं. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दायमाबाद इथे १९७४ साली जमिनीखाली धातूच्या चार वस्तू सापडल्या. बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. तेही चाकांवर! म्हणजे चाकांवरचा प्राणी घडवण्याची कला आपल्या मातीत हजारो वर्षं जुनी आहे. मोहेंजोदडोलाही मान हलवणारा मातीचा बैल मिळाला. दिल्लीला व्यंगचित्रकार शंकर पिल्ले यांनी १९६५ साली बाहुल्यांचं संग्रहालय उघडलं. हंगेरीच्या एका बाहुलीपासून त्यांचा छंद सुरू झाला आणि देशोदेशीच्या हजारो बाहुल्या तिथे जमल्या. अशा ठिकाणी गेलं की जगातली मुलं कशी खेळतात ते कळतं.

पण जमवायचं काय आणि कुणाकडून, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्याच हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल सेवाग्रामला गेली. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर हे गाव. महात्मा गांधी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. १९४० साली ते सेवाग्राम झालं. बापूकुटी म्हणजे मातीच्या भिंतींचं, कौलारू, बुटकं घर. आत शिरलं की उन्हाळ्यातही गार वाटतं. बापूंच्या वापरातल्या वस्तू मोजक्याच. आणि त्यांत चक्क एक खेळणं! तीन छोटी माकडं. एकाने डोळे झाकलेत, एकाने कान, एकाने तोंड.

ही माकडं मूळची जपानकडची. तिथल्या निक्को गावच्या तोशोगू देवस्थानात घोड्यांच्या पागेवर ती कोरलेली आहेत. जपानी भाषेत त्यांची नावं मिझारू, किकाझारू आणि इवाझारू. ‘झारू’ म्हणजे ‘न करणे’, आणि ‘सारू’ म्हणजे माकड. नावातच गंमत!

माझा तोच विद्यार्थी बराच वेळ माकडांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “सर, बापूंनी सगळं सोडलं, तं हे कायले ठेवलं?”

मी म्हणालो, “तुला काय वाटतं?”

तो म्हणाला, “त्याईले रोज पाहावं लागत असन.”

सहलीहून परतताना बसमध्ये मी हेच घोळवत होतो. माझ्या कपाटात चाळीस खेळणी होती. त्यातल्या किती मी रोज पाहत होतो?

शाळेत आल्यावर पहिल्यांदा मी कपाटावरचा कागद काढला. भोवरे मुलांच्या हातात दिले. रबरी बाहुला तेवढा ठेवला, कारण तो आता खेळण्याच्या अवस्थेत नाही. मग आम्ही एक वही केली, ‘आमच्या गावची खेळणी’. खेळणं ज्याच्या घरचं, त्याच्याच घरी राहणार. वहीत फक्त त्याचं चित्र आणि माहिती. संग्रहालयातही प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन अशीच नोंद ठेवतात. मुलं घरोघर फिरली आणि महिनाभरात एकट्या आमच्या गावात तेवीस जुने नंदी निघाले. त्याशिवाय मुलींनी भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती कशा करतात ते आज्यांना विचारून लिहून आणलं. ते कोणत्याच दुकानात मिळालं नसतं.

तुम्हालाही अशी वही करता येईल. पाच गोष्टी लिहा. खेळणं कशाचं आहे, कुणी केलं, कुणाचं होतं, कधीचं आहे आणि त्याची गोष्ट काय. गोष्ट सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, आपल्या शब्दांत बदलू नका.

आणि खेळणी सांभाळायची कशी? लाकडी खेळण्याचा शत्रू ओल आणि भुंगा. पावसाळ्यात त्याला ओल्या भिंतीपासून दूर ठेवा. लाकडातून बारीक भुसा पडताना दिसला की ओळखा, आत किडा आहे. ते खेळणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. रबराचा शत्रू ऊन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन तडकतं, नाहीतर चिकट होतं, म्हणून सावलीत ठेवा. वाकणारी बाहुली असेल तर तिला सारखं एकाच जागी वाकवू नका. धूळ मऊ ब्रशाने झटका, पाण्याने धुऊ नका. आणि मोठ्यांना न विचारता जुन्या खेळण्याला नवा रंग तर मुळीच देऊ नका! जुन्या रंगातच त्याचं वय दिसतं.

आता पुन्हा सिंदीच्या मैदानात या. नंदी रांगेत उभे होते, सजावटीची बक्षिसं जाहीर होत होती. मोडक्या शिंगाच्या नंदीला काही बक्षीस मिळालं नाही. मुलाने दोरी ओढली, वाकडं चाक खडखडलं आणि स्वारी बोजारा मागायला निघाली. माझ्यासमोर आल्यावर तो थांबला. मी नंदीला हात जोडले आणि त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले.

“सर,” तो हसत म्हणाला, “नंदी दोन आहेत समजा. एक हा, एक तुमच्या वहीतला. दोघाईचा बोजारा द्या!”

मी आणखी दहा रुपये काढले.