धिणोधरच्या माथ्यावर

डोंगर म्हटला कीं आपणां महाराष्ट्रीयांच्या दृष्टीपुढें सह्याद्रीचे उत्तुंग कडे उभे राहतात. ज्याची उंची ४०० मीटरही भरत नाहीं, त्यास आपण टेकडीच म्हणूं. परंतु सपाट मरुभूमींत एवढी उंचीही आसमंतावर राज्य करते, हें कच्छांतील धिणोधर चढल्यावांचून उमगत नाहीं. भुजच्या वायव्येस, नखत्राणा तालुक्यांत हा डोंगर आहे. ज्या लाव्हारसानें सह्याद्रि घडला, त्याच कुळांतला ह्याचा काळा कातळ. तेव्हां तो आपला दूरचा आप्तच म्हणावयाचा.

पौष महिन्यांत एके सकाळीं मी व माझा १४ वर्षांचा नातू चढावयास लागलों. पायथ्याशीं थान येथें कानफाट्या नाथपंथीयांचा जुना मठ आहे. तो मागें पडला आणि उत्तरेचा वारा अंगावर आला. शाल आवरतां आवरेना. बोललेला शब्द शेजारच्यास ऐकूं जाईना. गुग्गुळाच्या निष्पर्ण, काटेरी झुडपांच्या आडोशास थांबत आम्ही चढत होतों. एका उघड्या धारेवर माझे पाय डळमळले, आणि आतां परतावें असें मनांत आलें. तोंच नातवानें निमूटपणें पुढें होऊन आपला खांदा माझ्या हाताखालीं दिला. ज्यास मीं बोट धरून चालावयास शिकविलें, त्याच्याच आधारानें चालण्याची पाळी आली. आणि खरें सांगावयाचें तर ती मला गोड वाटली.

माथ्यावर धोरमनाथांचें स्थान आहे. त्यांनीं येथें १२ वर्षें मस्तकावर उभे राहून तप केलें, तपान्तीं त्यांची पहिली दृष्टि उत्तरेच्या समुद्रावर पडली व तो आटून रण झाला, अशी आख्यायिका आहे. ती ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, हें खोटेंच ना?"

मीं त्यास उत्तरेकडे पाहावयास सांगितलें. बन्नीच्या कुरणापलीकडे रणाची पांढुरकी रेघ दिसत होती. तेथें एके काळीं खरोखरच समुद्राचा फांटा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत त्या उथळ आखातास 'ऐरिनॉन' म्हटलें आहे. ओसाड, क्षारभूमि ह्या अर्थाच्या 'इरिण' ह्या संस्कृत शब्दाशीं त्याचें नातें जोडतात. पुढें गाळ सांचला, भूमि उचलली गेली. १६ जून १८१९ च्या भूकंपांत तर सिंद्रीचा किल्ला जलमय झाला आणि त्याच्या उत्तरेस 'अल्लाबंद' हा लांबच लांब उंचवटा वर आला.

"समुद्र गेला, हें खरें," मी म्हणालों. "लोकांनीं कारण आपल्या समजुतीनें सांगितलें, पण आठवण मात्र हरवूं दिली नाहीं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तर मग वहींत दोन्ही लिहितों."

वाचकांपैकीं कोणास जावयाचें असेल, त्यानें हिंवाळ्यांत पहांटे निघावें, पाणी बरोबर घ्यावें, आणि घरांतील एक म्हातारें व एक पोर अशा जोडीनें चढावें.