बाटलीतली आवक

आमच्या घरात तीन भाषा आणि एकच धंदा होता, कांद्याचा. यशवंतपूरच्या मार्केट यार्डात अण्णा पस्तीस वर्षं अडतीवर होते. नगर-नाशिककडचा ट्रक येऊन लागला की पोत्यात हात घालून ते चार कांदे बाहेर काढायचे आणि गोल्टी किती, चिंगळी किती, जोडकांदा किती निघेल, कुठला माल आठ दिवससुद्धा टिकणार नाही, हे सांगून मोकळे व्हायचे. हमालांशी कन्नड, ड्रायव्हरशी मराठी, पैशाचं बोलणं हिंदीत. त्यांच्या मते हे ज्ञान नव्हेच, ‘नजर’ आहे. आणि नजर शिकवता येत नाही, बसते.

मी कांद्यात गेले नाही. मी किडे निवडते. शहराच्या उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेत पश्चिम घाटातल्या एका संरक्षित जंगलातून बाटल्या येतात, त्यातला ऐवज वेगळा करण्याचं काम माझं. तांदूळ निवडतात तसं, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली आणि चिमट्यानं.

या बाटल्या भरतात एका जाळीच्या तंबूत. रेने मलेझ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की त्याच्या राहुटीत शिरलेले किडे दार सताड उघडं असूनही बाहेर जात नाहीत, वर वर चढत छताच्या कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून त्यानं कोपऱ्यालाच बाटली लावली. १९३७ साली त्यानं हा सापळा लिहून प्रसिद्ध केला; आज कॅनडापासून कोस्टा रिकापर्यंत जंगलाजंगलांत तोच उभा असतो. ना दिवा, ना आमिष. वाटेत जाळी आली की वर चढायचं, या किड्यांच्या सवयीवर सगळं चालतं. वर अल्कोहोल असतं.

बाटली ट्रेमध्ये ओतली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती मोठी मंडळी. एखादा नाकतोडा, गांधीलमाशी, पतंग. कुंभारीण सापडली की मला उगाच बरं वाटतं, कारण तिला मराठीत नाव आहे आणि तिचं मातीचं घर मी आमच्या खिडकीत पाहिलेलं आहे. पण हे सगळं वरवरचं. खाली तळाशी जो करडा गाळ बसलेला असतो, तो गाळ नसतो. ती चिलटं असतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, हजारोंनी.

अण्णांना एकदा त्याचा फोटो दाखवला. म्हणाले, “चिलटंच की ही.”

“चिलटं म्हणजे किती प्रकारची, अण्णा?”

“चिलटांत कसले गं प्रकार?”

हा प्रश्न फक्त अण्णांचा नाही. शास्त्रानंही चिलटांकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. २०२३मध्ये आठ देशांतल्या अशाच सापळ्यांतले सव्वादोन लाखांवर कीटक तपासले गेले, तेव्हा दिसलं की कुठेही गेलात तरी उडणाऱ्या कीटकांच्या निम्म्याहून अधिक जाती जेमतेम वीस कुळांत असतात, आणि ही कुळं बहुतेक तीच, ज्यांच्याकडे अभ्यासक फिरकत नाहीत. गाठी करणाऱ्या माश्यांचं कूळ त्यात सर्वांत वर. फुलपाखरांवर पुस्तकं निघतात, चिलटांवर निघत नाहीत.

यशवंतपूरला लागूनच टाटा इन्स्टिट्यूट आहे. विज्ञान संस्थेला इथले जुने लोक अजून याच नावानं ओळखतात. तिथल्या राघवेंद्र गदगकरांनी दोन सहकाऱ्यांबरोबर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कीटकांची पाहणी केली, तिचा लेख १९९०मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. सोळा हजारांवर कीटक, सतराशेंहून अधिक जाती. त्या जाती डोळ्यांनी वेगळ्या केलेल्या होत्या: हा त्याच्यासारखा दिसत नाही, म्हणून हा दुसरा. अण्णांची नजरच, पण फार शिस्तीची. तो लेख वाचताना मला त्या निवडणाऱ्यांच्या मानेची काळजी वाटते.

आम्ही आता पाय तोडतो. किड्याचा एक पाय पुरतो. फारच बारीक असेल तर तो अख्खाच द्रावणात बुडवून डीएनए काढतात आणि कवच परत जपून ठेवतात. ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये एकेक पाय. मग सीओआय नावाच्या एका जनुकाचा तुकडा वाचायचा, ६५८ अक्षरांचा. पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये मांडलं, की प्राण्यांच्या जाती ओळखायला एवढा तुकडा बहुतेक वेळा पुरेल, दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा. हा जनुक पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात असतो, त्याच्या प्रती भरपूर असतात, म्हणून चिमूटभर पायातूनही तो हाती लागतो. एका जातीच्या आत तो फार कमी बदलतो, दुसऱ्या जातीत गेलं की फरक ठळक होतो. नेहमीच नाही. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे दोन जातींचा संकर झाला असेल तर तो अर्धीच गोष्ट सांगतो.

पण जिथे तो चालतो तिथे थक्क करतो. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते या संरक्षित प्रदेशात एक फुलपाखरू होतं, १७७५पासून एका नावानं ओळखलं जाणारं. २००४मध्ये बारकोड आणि सुरवंटांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर त्या एका नावाखाली दहा जाती निघाल्या. सुरवंट वेगळे, त्यांची झाडं वेगळी. फक्त पंख जवळजवळ सारखे.

जुळणारं नाव सापडलं नाही, तर बोल्ड नावाच्या जागतिक कोशात त्या गटाला नुसता क्रमांक मिळतो. हे अण्णांना पटकन समजलं. “म्हणजे लॉट नंबर पडला, पण माल कुणाचा ते ठाऊक नाही.” याहून चांगली व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. आमच्या चिलटांतल्या बहुतेकांची गत हीच. आणि यंत्र कितीही स्वस्त झालं तरी नाव माणूसच देणार, जुन्या नमुन्यांशी ताडून, वर्णन लिहून. अशी माणसं निवृत्त होत चालली आहेत आणि त्यांच्या खुर्च्या भरल्या जात नाहीत. बारकोड आल्यावर त्यांची गरज उरली नाही असं कुणी म्हणालं, की मला राग येतो. कोश त्यांनी लिहिला म्हणूनच आपण तो उघडतो.

फुलकिड्यांचं सांगितलं तेव्हा अण्णा सरसावून बसले. कांद्याच्या पातीवरचा हा किडा १८८९पासून एकाच नावानं चालत आला आहे, आणि डीएनए त्यात निदान तीन वेगळे वंश दाखवतो, एक तंबाखूवरचा, दोन कांदा-लसणाच्या गोतावळ्यातले. “मग औषध कुठल्यावर मारायचं?” त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. हेब्बाळच्या कृषी कीटक संस्थेत बारकोड होतात, ते अशाच प्रश्नांसाठी.

पण दुसरा प्रश्न त्यांनी सोडला नाही. “जंगल राखीव. तिथली वाळकी काडी उचलायला परवानगी लागते. आणि तुम्ही हजारांनी मारून मोजता?”

परवानगी आम्हीही घेतो, वनखात्याची. नमुने परदेशी पाठवायचे तर चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाचीही. पण ते उत्तर नव्हे. मी त्यांना जर्मनीतल्या क्रेफेल्डचं सांगितलं. तिथल्या कीटक मंडळानं ६३ संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षं हेच सापळे लावले, बाटल्यांचं वजन करून ठेवलं. २०१७मध्ये हिशेब झाला: उडणाऱ्या कीटकांचं वजन पाऊणपटीहून जास्त घटलं होतं. राखीव क्षेत्रांत. कुणी बाटल्या भरल्या नसत्या तर कळलंही नसतं. आणि तरी वजन म्हणजे नुसतं वजनच. कोण गेलं आणि कोण उरलं, ते त्यात नव्हतं.

अण्णा ऐकून घेतात. पटलं असं म्हणत नाहीत. मलाही ट्रे पुढ्यात घेताना दरवेळी पटतंच असं नाही. आम्ही सापळा महिन्यातला एकच आठवडा लावतो, हा त्यातल्या त्यात तोडगा. पहिल्या वर्षी तो सलग असायचा.

जूनच्या बाटल्या अजून फ्रीजमध्ये आहेत. पहिल्या पावसाची वाळवी त्यांत इतकी आहे की झडलेल्या पंखांनी तोंड बुजलंय. आधी ती बाजूला काढायची, मग खालची चिलटं.