दिवे घाट चढून आलेले पाय

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे सोडून सासवडला येते, तो दिवस बहुधा योगिनी एकादशीचा असतो. सुमारे ३० किलोमीटरांची चाल, वाटेत दिवे घाट, आणि उपास. संध्याकाळी आमच्या फिजिओथेरपीच्या तंबूत ‘वांब आलेत’, म्हणजे पोटरीत गोळे आलेत, असं म्हणत वारकरी येऊ लागतात.

सोबतचं कुणीतरी तेल घेऊन पोटरी जोरात चोळत असतं. मी आधी तो हात थांबवते. गुडघा सरळ, टाच माझ्या तळहातात, आणि चवडा हळूहळू नडगीकडे. हिसका द्यायचा नाही. अर्धा मिनिट तसंच धरून ठेवायचं. स्नायू कंडरेला जुळतो तिथे ताण जोखणारे बारीक संवेदक असतात. त्यांना ताण जाणवला की मज्जारज्जूतून स्नायूला सैल पडण्याचा निरोप जातो. थकलेल्या पायात हा निरोप क्षीण होतो, असं आज मानलं जातं. ताणून धरल्यानं त्याला बळ मिळतं. बोटांखाली गोळा विरघळताना कळतो, चेहरा सैलावतो. इतक्या वर्षांनंतरही मला त्या क्षणी फार आनंद होतो. चोळायचं ते त्यानंतर, हलक्या हातानं.

पाणी कमी पडलं म्हणूनच गोळे येतात, हे पुरतं खरं नाही. भरपूर पाणी प्यायलेल्यांनाही ते येतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विजेच्या झटक्यांनी पायात मुद्दाम पेटका आणला, आणि काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायल्यावर तो सरासरी ८५ सेकंदांत सुटला. एवढ्यात मीठ रक्तात पोचत नाही. तोंडा-घशातूनच मज्जासंस्थेला काही इशारा जात असावा. एकादशीला लोणचं कोण घेणार? सैंधव घातलेलं लिंबाचं सरबत मात्र चालतं, घामावाटे गेलेलं थोडंफार तरी भरून निघतं.

एकच पाय सुजलेला, गरम लागणारा, ताणूनही ठणका न थांबणारा असेल, तर त्याला मी कुणालाही हात लावू देत नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा माउलींना थेट डॉक्टरांकडे.

सासवडला दोन मुक्काम असतात. डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या आज्यांना मी सांगते, निजण्याआधी भिंतीला हात टेका, टाचा भुईवर ठेवून पुढे झुका. रात्री गोळा आलाच, तर पाय झाडू नका. आधार धरून उठा आणि टाच जमिनीवर दाबा. जेजुरीची वाट धरण्याआधी पुन्हा एकदा भिंतीशी उभं राहायचं.