मालिकेतली कामवाली आणि माझी आई

२०१९ साली मी समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. दिवसा वस्तीत संस्थेचं काम, रात्री अभ्यास. आई चार घरची धुणीभांडी करून यायची, स्वयंपाक उरकायची आणि टीव्हीसमोर बसायची. मालिकेत मोठं घर, देवघर, सुनांचे दागिने. कामवाली येते ती चहा द्यायला, नाहीतर हशा पिकवायला. तिला आडनाव नसतं. एकदा आई म्हणाली, "ही बाई रात्री कुठं जाते रे? तिचं घर कधी दाखवतच नाहीत." माझ्या वहीत जात आणि श्रमविभागणीवर पानंच्या पानं होती, हा प्रश्न मात्र नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. रमाईचा संसार पडद्यावर आला की आई पदरानं डोळे पुसायची.

एका रात्री भाग सुरू झाला तरी ती मोरीत भांडीच घासत होती. आणि मी? स्त्रियांच्या घरकामावर निबंध लिहीत बसलो होतो! हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्यामागचं एक मोठं कारण होतं. हे मी भाषणांत सांगायचो आणि उष्टं ताट मात्र आईपुढं सरकवायचो.

वही मिटली. आईला टीव्हीसमोर बसवलं आणि भांडी घासायला घेतली. मालिका कधीच संपली. ते काम आजही माझ्याकडे आहे. पडद्यावर आपलं घर जरूर मागू या. पण आपल्या घरात कामवाली कोण झालीय, हेही एकदा तपासू या.

जयभीम!