केडगावचे उघडे दार

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे निघालात की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. (नगरजवळचे केडगाव निराळे, तिकीट काढताना घोळ नको.) पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती' इथेच आहे. बेळगावहून मी गेले ती शेजारच्या अक्कांना घेऊन. अक्का कन्नड बोलणाऱ्या, रविवार न चुकवता चर्चला जाणाऱ्या. आमचे घर वारकऱ्यांचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. हे सांगितल्यावर अक्का थबकल्याच. "हौदा? मग त्या आमच्याच की!" पुढे रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने गुलबर्ग्यात शाळा चालवली, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

आवारात झाडांची सावली, शांतता. रमाबाईंच्या समाधीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. ख्रिस्ती झाल्यावरही साधे पांढरे लुगडे आणि शाकाहार सुटला नाही. हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे इथल्याच बायकांनी जुळवले.

पण मला टोचत होते ते त्याआधीचे, पुण्यातल्या शारदासदनातले. तिथे धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करायची नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येकांनी मुली काढून नेल्या.

"दार लावलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी विचारले.

"देवाचं नाव घेताना तुम्ही कडी लावता काय हो? तुमचा हरिपाठ मला भिंतीपलीकडनं रोज ऐकू येतोय."

"पण अक्का, त्या पोरींना दुसरा आसरा नव्हता. पोटाला घालणारीला नाही कसं म्हणायचं?"

अक्का गप्प झाल्या. मलाही माझा प्रश्न पुरता पटत नव्हता. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली, १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. म्हणजे तिथे नाही म्हणता येत होते. केडगावात मात्र दुष्काळातून आलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. दोन्ही ठिकाणांना एकच माप लावू नये असे मला वाटते.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. अक्कांनी डबा उघडला, दोन भाकऱ्या माझ्यापुढे सरकवल्या, हात जोडून पुटपुटत प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाल्या, "तुम्ही थांबलात कशाला? ऊटा माडरी."