दहा-बारा पाने

26 मे 2025, सोमवार

मे संपायचा आहे आणि हवामान खातं म्हणतं, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. 1950पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता म्हणे. भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरल्याचे व्हिडिओ सकाळपासून फोनवर फिरतायत. माझी अॅक्टिव्हा मात्र मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवर, केळकर कॉलेजच्या अलीकडेच आचके देऊन बंद पडली. ढकलत गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने दोन किका मारल्या, कान खाजवला. "मॅडम, इंजिन खोलावं लागेल. साडेआठ हजार धरून चला. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

आमच्या मिस्टरांना सायकलसुद्धा येत नाही. गाडी ढकलत घरी आणली. भिजले ती भिजलेच.

27 मे, मंगळवार

बाबांना रात्री सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. सकाळी चहा झाल्यावर स्वतःच लिफ्टपाशी जाऊन उभे. हातात कापडी गुंडाळी. बत्तीस वर्षं कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये फिटर होते, त्यातली पुष्कळशी इंजिनाच्या खात्यात. आता एकोणऐंशी वय, गुडघे गेलेले. म्हणून प्लास्टिकची खुर्ची टाकून ते पार्किंगमध्ये बसले, आणि हात माझे.

"आधी काहीही खोलायचं नाही. ठिणगी आहे का बघ, मग पेट्रोल आहे का बघ, मग हवा. या तिघांपैकी एक रुसलं असणार."

प्लग काढला. टोपी लावून त्याचं बूड इंजिनाच्या धातूला टेकवलं, भोकापासून लांब, आणि किक मारली. बारीक निळी ठिणगी. म्हणजे ठिणगी आहे. मग कार्बोरेटरच्या तळाचा लहान स्क्रू अर्धा सैल केला आणि खाली लोणच्याची रिकामी बरणी धरली. आलं ते पेट्रोलच वाटलं. बाबा म्हणाले, "ठेव पाच मिनिटं. हलवू नकोस."

पाच मिनिटांनी बरणीत दोन थर दिसले. वर स्वच्छ पेट्रोल, खाली गढूळसर काहीतरी. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी पोटात ठेवतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की पाण्याला घेऊन तळाशी बसतं. आणि टाकीतून कार्बोरेटरकडे जाणारा रस्ता नेमका तळाशी. गाडीला आम्ही काल पेट्रोल नव्हे, ते सरबत पाजत होतो. पाणी पंपावरून आलं की सीटखालच्या झाकणातून, कोण सांगणार?

टाकी हातपंपाने रिकामी केली. (तोंडाने नळी ओढायची नाही, हे बाबांनी तीनदा सांगितलं, त्यांच्या एका सोबत्याच्या पोटात गेलं होतं.) नवं पेट्रोल दोन लिटर, नवा प्लग एकशे दहा रुपये. चौथ्या किकला सुरू. साडेआठ हजार वाचले, पण मला आनंद त्याचा नाही झाला. काय बिघडलं होतं ते मला डोळ्यांनी दिसलं, त्याचा झाला.

बरणीतला खालचा थर गटारात ओतायचा नाही, एवढं ठरलंय. मग त्याचं करायचं काय, ते ठरत नाहीये.

1 जून, रविवार

बाबांची गुंडाळी उघडून बसलो. दहा-बाराचा पाना, चौदा-पंधराचा, प्लग पाना, पक्कड, दोन पेचकस, एक लाकडी मुठीची हातोडी. दहा-बाराच्या पान्याचं एक तोंड झिजून गुळगुळीत झालंय. "एवढ्यात आख्खी फियाट उघडायची," म्हणाले. आख्खी म्हणजे जरा जास्तच, पण त्या फियाटची, म्हणजे पद्मिनीची, बरीचशी कामं या गुंडाळीत होत, हे खरं. टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेलाच बॉनेट वर करून कार्बोरेटर साफ करत, ते मीही लहानपणी पाहिलंय.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि 2023च्या त्याच महिन्याअखेर ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी घरी दूरदर्शनपासून सगळ्या वाहिन्या पद्मिनीचं कौतुक करत होत्या. बाबांनी आवाज बंद केला होता. मला वाटलं, वाईट वाटतंय. नंतर कळलं, बातमीत दाखवलेल्या गाडीचं टॅपेट वाजत होतं आणि ते त्यांना ऐकवेना.

कुर्ल्याला प्रीमियर रोड हे नाव अजून आहे. कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत.

15 जून, रविवार

आज घात केला.

इंजिन ऑइल बदलायचं होतं. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, खाली तसराळं ठेवलं, बोल्ट सोडला. काळं पाणीदार ऑइल भळभळ आलं. इथपर्यंत सगळं छान. नवं वॉशर घातलं, बोल्ट हाताने बसवला, मग पाना लावला. आणि गळू नये म्हणून आणखी जरा. आणि आणखी जरा. एका क्षणी पाना एकदम हलका झाला. आधी आनंद वाटला, की बसला बाई एकदाचा.

बाबा खुर्चीवरून म्हणाले, "गेले आटे."

बोल्ट पोलादी, इंजिनाचं अंग अॅल्युमिनियमचं. पोलादाचं काही बिघडत नाही, आटे जातात ते मऊ धातूचे. लांब पाना हातात असला की आपण किती जोर लावतोय हे मनगटाला कळतच नाही. कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक बोल्टला किती आवळायचं त्याचा आकडा असतो आणि तो मोजणारा वेगळा पानाही मिळतो. माझ्याकडे तो नव्हता, आणि मनगटही नव्हतं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "वॉशर चपटं झालं की थांबायचं असतं. गळायचं ते वॉशरने थांबतं, ताकदीने नाही."

18 जून, बुधवार

अर्धा दिवस रजा. टेम्पोत टाकून गाडी भांडुपला, एका लेथवाल्याच्या गाळ्यात नेली. त्याने भोक जरा मोठं करून नवे आटे पाडले, आत स्प्रिंगसारखं पोलादी वेटोळं बसवलं. आता हे आटे मूळच्यापेक्षा भक्कम आहेत म्हणे. टेम्पोसकट अठराशे गेले. साडेआठ हजारांतून वाचलेली बढाई निम्मी आपोआप खाली आली.

लेथवाला बाबांना ओळखत नव्हता. पण बाबांनी धातूचा कीस उचलून बोटांत चुरला आणि त्याला विचारलं, "टॅप तीन नंबरपर्यंत फिरवलास ना?" त्यानंतर त्याने मला विचारणं सोडलं आणि सगळं त्यांनाच सांगत बसला. जाताना बरणीतला गढूळ थरही त्याने ठेवून घेतला. जुनं ऑइल नेणारा माणूस त्याच्याकडे येतो, त्याच्या पिंपात ते गेलं. आमचं ऑइलही.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. उपास, साबुदाणा, आणि एअर फिल्टर.

मधलं झाकण काढून फिल्टर बाहेर काढला तर डांबरी रंगाचा. एलबीएस मार्गावर मेट्रो चारचं काम किती वर्षं चाललंय, ती सगळी धूळ इथे जमा. तिसऱ्या मजल्यावरचे काका जाता जाता म्हणाले, "हवा मारून घ्या, नवा कशाला?" जुन्या फोमच्या फिल्टरला ते ठीक होतं, तो धुऊन वाळवून परत घालत. हा कागदी, तेल मुरवलेला. हवा मारली की धूळ निघते तशी कागदाला भोकंही पडतात. नवाच घातला. गाडीचा आवाज बदलला. मला कळला, याचं मलाच नवल वाटलं.

13 जुलै, रविवार

सोसायटीची नोटीस: "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास मनाई आहे." कोणासाठी ते लिहिलेलं नाही, पण इमारतीत पाना हातात घेणारे आम्हीच दोघं. जमिनीवर ऑइलचा डाग आहे, हे मान्य. पंधरा जूनचा. लाकडाचा भुसा टाकून घासला, तरी सावली राहिली आहे. सेक्रेटरींना भेटून पत्र्याचा ट्रे दाखवला आणि लिहून दिलं: ट्रेशिवाय काम नाही, पेट्रोल उघडं ठेवणार नाही, वेळ रविवार सकाळ. त्यांनी पत्र घेतलं. मग हळूच विचारलं, त्यांच्या गाडीचा मागचा ब्रेक लागत नाहीये, बघाल का?

10 ऑगस्ट, रविवार

उच्च सुरक्षा नंबरप्लेट. 1 एप्रिल 2019च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची. ही मात्र आपल्या हाताने बसवता येत नाही. नेमलेल्या कंपनीकडूनच, एकदा बसली की मोडल्याशिवाय निघत नाही अशा रिव्हेटने. बाबांनी ती रिव्हेट बराच वेळ न्याहाळली. खोलता येत नाही अशी वस्तू त्यांना मुळात संशयास्पद वाटते.

20 ऑगस्ट, बुधवार

काल कोणीच बाहेर पडलं नाही. रेड अलर्ट, लोकल विस्कळीत, संध्याकाळी मोनोरेल माणसांनी भरून वाटेतच अडकलेली. गल्लीच्या तोंडाशी उतारावर लावलेल्या शेजाऱ्यांच्या गाडीला बंपरच्या वरपर्यंत पाणी होतं. आज पाणी ओसरल्यावर ते किल्ली घेऊन आत बसले, एवढ्यात बाबा गॅलरीतून ओरडले. त्यांचा असा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता: "किल्ली फिरवू नका!"

मग मला खाली पाठवलं, समजावायला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवा ओढायच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल आणि इंजिन फिरवलं, तर पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि वाकतो तो मधला दांडा. तिथून पुढे दुरुस्ती हजारांत नव्हे, लाखांत. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने मेलेल्या इंजिनांपेक्षा दुसऱ्या दिवशी मालकांनी मारलेली जास्त, असं बाबांचं मत आहे. मत म्हणूनच लिहून ठेवते.

गाडी टो करून नेली. एअर फिल्टर ओला चिंब निघाला, पण इंजिन वाचलं. शेजाऱ्यांनी संध्याकाळी अर्धा किलो पेढे आणून दिले.

14 सप्टेंबर, रविवार

सेक्रेटरींचा ब्रेक. मागच्या चाकापाशी आवळायचा नट असतो, तो अर्धा-अर्धा फेरा फिरवला. दर फेऱ्यानंतर चाक हाताने फिरवून बघितलं, घासत नाही ना. पण तिथली खूण मर्यादेच्या बाहेर गेलेली. म्हणजे लायनर संपलेत, आवळून काही उपयोग नाही. ड्रम उघडायचा का? मी पाना घेतलाही. बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक पहिल्यांदा शिकायला वापरायचा नाही." पाना ठेवला. गाडी गॅरेजला गेली. सेक्रेटरी जरा खट्टू झाले, मी नाही. प्लग, फिल्टर, ऑइल, बॅटरीचे टोक साफ करणं, हवा तपासणं हे माझं. ब्रेकचं पोट अजून माझं नाही.

हवा पुढे 22, मागे 29. किती वर्षं पंपावरच्या पोराला "भर रे" एवढंच सांगत होते.

1 ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. गुंडाळी सोडून पाने पाटावर मांडले. बाबांनी एकेक पुसून खोबरेलाचं बोट लावलं. हळदीकुंकू, झेंडू. दहा-बाराच्या पान्याचं झिजलेलं तोंड देवाकडे आणि चांगलं आमच्याकडे, अशी त्यांची मांडणी. का ते विचारलं नाही.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी तिची नवी स्कूटर घेऊन आली. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. बाबांनी वाकून पाहिलं, वास घेतला, किक शोधली. किक नव्हती. कार्बोरेटरही नाही, पेट्रोल फवारतं ते संगणकाच्या हुकमाने, आणि त्याची तक्रार कळते ती स्कॅनर लावल्यावर. बॅटरीची टोकं मी साफ करून दिली. दिवा गेला नाही. बाबा तिला म्हणाले, "कंपनीत दाखव, बाळ. पण ते काय करतात ते उभं राहून बघ."

2 ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडी धुतली, दोन बादल्यांत. हार घातला, लिंबू नाही. बाबांना ते चाकाखाली चिरडणं आवडत नाही.

ऑइल पुन्हा बदललं. बोल्ट मीच आवळला, वॉशर चपटं होईपर्यंत. ट्रेमध्ये रात्रभर थेंब नाही.

मीटर 41,286. पुढचं ऑइल 43,800ला.