फटीतून उजेड

नवा घडीचा चाकू कुणाच्याही हातात द्या. जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो. पातं उघडतो, धारेवरून अंगठा आडवा फिरवतो आणि 'हं, धार आहे' म्हणून परत देतो. मंडळी, धार ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. कंपनीने वाईट लावली असेल तर दगडावर पंधरा मिनिटं घासून आपली आपण चांगली लावता येते. जे घरी बसून दुरुस्त होणार नाही, ते आधी बघायचं.

हे शहाणपण माझं नाही. इकडे आमच्या टीममध्ये एक जुना टेस्टर होता (आता रिटायर झाला). पेनसिल्व्हेनियातला माणूस, खिशात कायम चाकू. कुरिअरचे खोके, सफरचंद, मीटिंगमधलं पेन्सिलीचं टोक, सगळ्याला तोच. नवीन चाकू कसा बघायचा हे त्याने मला एका लंच ब्रेकमध्ये शिकवलं, आणि तेव्हापासून माझे बरेच शनिवार याच नादात गेले आहेत. बायकोचं यावर एक मत आहे, ते इथे लिहीत नाही. :)

चाकू म्हणजे रामपुरी नव्हे हां. हिंदी सिनेमाने आपल्या डोक्यात चाकू म्हटलं की खटका आणि व्हिलन एवढंच ठेवलंय. मी म्हणतोय तो इंग्लंड-अमेरिकेतला जुन्या पद्धतीचा खिशातला चाकू, ज्याला स्लिपजॉइंट म्हणतात. बटण नाही, लॉक नाही. पाठीवर पोलादाची एक जाड स्प्रिंग असते, तिच्या दाबावर पातं उघडं किंवा बंद राहतं. बस. इंग्रजीत याला पेननाइफ म्हणतात तेही उगाच नाही, पिसाच्या लेखण्या तासायला तो लागायचा. आपल्याकडे बोरू तासायला चाकू लागायचा, तसाच.

रचना म्हणाल तर सँडविच. दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्ट्या, त्यांच्या आत पितळी पत्र्याचं अस्तर, मधे स्प्रिंग आणि पातं, टोकांना धातूच्या टोप्या. या टोप्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात, ज्यात चांदी औषधालाही नसते (तांबं, निकेल आणि जस्त). आणि हे सगळं आरपार रिव्हेट मारून एकत्र दाबलेलं. स्क्रू नाहीत. म्हणजे एकदा जोडला की जोडला, नंतर उघडून पॅच मारायची सोय नाही. आपल्यासारख्या लोकांना ही कल्पनाच घाबरवणारी आहे.

आता बघायचं कसं? बंद चाकू खिडकीकडे धरायचा आणि पाठीकडून स्प्रिंग आणि अस्तर यांच्यामधून उजेड दिसतो का बघायचं. मग नख घ्यायचं आणि आडवं फिरवायचं: टोपीवरून लाकडावर, लाकडावरून पितळेवर, पितळेवरून स्प्रिंगवर. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला बरोबर लागते. मग पातं पूर्ण उघडून, अर्धं उघडून आणि बंद करून, तिन्ही वेळा स्प्रिंग पाठीशी सपाट बसते का बघायचं. हे शेवटचं जमवणं भलतंच अवघड आहे. पात्याचा जो भाग मुठीत असतो त्याच्या वेगवेगळ्या कडा स्प्रिंगला वेगवेगळ्या वेळी टेकतात, आणि प्रत्येक कड खिळ्यापासून नेमकी सारख्या अंतरावर असावी लागते. कारागीर हे चाकू जोडता जोडता घासत, बसवत जातो. तिन्ही ठिकाणी सपाट असलेला चाकू मिळाला तर तो बनवणाऱ्या माणसाचा दिवस चांगला गेला होता असं समजायचं.

मग आवाज. पातं हळूहळू मिटवत आणलं की एका ठिकाणी स्प्रिंग त्याला खेचून घेते आणि 'टक्' होतं. याला तिकडचे शौकीन चालणं-बोलणं म्हणतात. छान वाटतं, पण त्या टक्-मध्ये एक धोकाही असतो. पातं जोरात मिटलं की काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि त्या जागी कायम बोथट राहते. आत टिश्यू पेपरची एक पट्टी टाकायची आणि चाकू मिटू द्यायचा. पट्टी कापली गेली तर परत करा. आमचा टेस्टर हे करताना अगदी तल्लीन व्हायचा. माझं कोड रिजेक्ट करताना त्याचा चेहरा तस्साच असायचा.

काही गोष्टी मात्र दोष दिसतात आणि नसतात. तीन पात्यांच्या चाकूत पाती किंचित वाकडी दिसतात. नवखा माणूस लगेच तक्रार करतो. पण तीन पाती आणि दोन स्प्रिंगा एवढ्याशा जागेत बसवायच्या तर पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून ती मुद्दाम, बुडाशी ठोकून, अंशभर वाकवलेली असतात. सरळ केलीत तर चाकू मिटणार नाही. दुसरं म्हणजे बुडावरचे ठिपके. अमेरिकेत ब्रॅडफर्डला केस नावाची 1889 पासूनची कंपनी आहे. त्यांनी 1970 साली पात्याच्या शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि मग दरवर्षी एकेक कमी करत गेले, म्हणजे ठिपके मोजून चाकूचं वय काढता येतं. 1980 ला पुन्हा दहापासून सुरुवात. व्हर्जन नंबर उलटा मोजणारी ही एकच कंपनी मला माहीत आहे.

असो. मी घेतलेला चाकू केसचा नव्हता, आणि कुणाचा होता ते सांगत नाही. घेतला होता बाबांसाठी.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. आयटीआय करून लागलेले, थेट रिटायर होईपर्यंत. कानस मारून लोखंडाचा ठोकळा काटकोनात आणायचा, गुण्या लावायचा, दिव्याकडे धरायचा आणि फटीतून उजेड येतो का बघायचं, हे त्यांचं पहिलं वर्षभराचं शिक्षण. आता वय चौऱ्याहत्तर. उजव्या अंगठ्याचा सांधा धरलाय. बरणीचं झाकण आईकडून उघडून घेतात आणि ते घेताना दुसरीकडे बघतात. पण दुपारी गॅलरीत बसून पेरू स्वतः कापून खायचा, हा कार्यक्रम अजून त्यांचा आहे. त्यांचा जुना घडीचा चाकू तुटला तेव्हापासून विळी घेऊन बसावं लागतं आणि खाली बसलं की उठताना त्रास. म्हणून घडीचाच चाकू हवा होता.

हाडाच्या मुठीचा प्रश्नच नव्हता, आमच्या आईच्या स्वयंपाकघरात ते चाललं नसतं. अक्रोडाच्या लाकडाचा मागवला, एका पात्याचा, कार्बन स्टीलचा.

पहिला आला तो बघत राहावा असा. कुठून उजेड नाही, नख कुठे अडकत नाही, तिन्ही ठिकाणी सपाट, पातं बरोबर मधोमध. फक्त स्प्रिंग इतकी कडक की उघडताना माझंच नख वाकलं. नव्या चाकूच्या सांध्यात पॉलिशचा मळ राहतो, त्यामुळे यावर लगेच निकाल द्यायचा नसतो. गरम पाण्याने धुतला, कोरडा केला, तेल सोडलं, टीव्ही बघताना दोनेकशे वेळा उघडझाप केली. खरखर गेली, कडकपणा तसाच. दुकानाला लिहिलं तर उत्तर आलं की हा दोष नाही, चांगली स्प्रिंग अशीच असते. त्यांचंही चूक नव्हतं. शौकिनांना कडक स्प्रिंग आवडते. पण बाबांना तो चाकू कधीच उघडता आला नसता. एवढी सुंदर वस्तू ते आईकडून उघडून घेणार, दुसरीकडे बघत? परत केला.

बदली आला तो पाहून आधी चेहराच पडला. पाठीजवळ मधोमध केसाएवढी फट, आणि त्यातून उजेड. पातं डावीकडे कललेलं. एका रिव्हेटचं डोकं नखाला लागत होतं. पण मग नीट बसून बघितलं. पातं उघडून, टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवलं: अजिबात हालचाल नाही. ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, कारण हा दोष वापराने वाढतच जातो. आजोबांच्या अडकित्त्याचा खिळा ढिला झाला होता तेव्हा सुपारी फुटण्याऐवजी पलंगाखाली पळायची, ते अजून आठवतंय. टिश्यू पेपरची पट्टी अख्खी राहिली. नखाची खाच खोल, हाताला लागणारी. मिटताना पातं अर्ध्यावर थांबतं, म्हणजे अंगठा सटकला तरी धार थेट बोटांवर येत नाही. आणि स्प्रिंग मऊ, पण ढिली नाही.

फट वाढणार नव्हती. कललेलं पातं अस्तराला घासत नव्हतं. रिव्हेटवर बारीक पॉलिश पेपर दोन मिनिटं. ठेवून घेतला.

दिवाळीत पुण्याला नेला (चेक-इन बॅगेत, अर्थात). बाबांनी खोक्यातून काढला आणि धार बघितली नाही. चष्मा कपाळावर ढकलला, चाकू खिडकीकडे धरला.

"उजेड येतोय," म्हणाले.

"हो."

मग खाचेत नख घातलं. पहिल्यांदा अंगठा सटकला. मी हात पुढे करणार होतो, नाही केला. दुसऱ्यांदा उघडला. अर्ध्यावर थांबला तिथे ते पण थांबले, परत मिटला, परत उघडला. पात्याचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघितलं. "चालेल," म्हणाले. आईने किती मेहनतीने काय केलं तरी आमच्या घरात याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

आईची तक्रार आता वेगळी आहे. पेरू आणि लिंबू कापून पातं निळसर-करडं पडलंय, आणि नवी वस्तू चार महिन्यांत अशी कशी झाली, असं ती फोनवर विचारते. तिला म्हटलं, आपली जुनी लोखंडी विळी कैरी चिरून काळी पडायची, तेच आहे हे. तो थर असला की गंज जरा कमी धरतो, फक्त ओला ठेवू नका. ते तिला लगेच पटलं. बाबा सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडतात, थेंबभरच.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला तो पुन्हा दाखवला. माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी फिलर गेज काढलं होतं.

"दोन थाऊची पट्टी जाते," म्हणाले. "तीनची जात नाही."